उत्तर कळलं, कारण कधी कळवणार?

प्रति,
माननीय महासंचालक,
नॅशनल टेस्टिंग एजन्सी (एनटीए), नवी दिल्ली

महोदय,



मी कुरखेड्यात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. कुरखेडा गडचिरोली जिल्ह्यात, सती नदीच्या काठी. रेल्वे धरायची तर वडशाला जावं लागतं. हे पत्र पेपरफुटीबद्दल नाही. त्यावर कोर्टात, संसदेत आणि टीव्हीवर भरपूर बोलून झालं, २०२४ मध्ये कायदाही झाला. माझं मागणं त्यामानाने किरकोळ आहे. नीटची अंतिम उत्तरसूची निघते तेव्हा प्रत्येक प्रश्नापुढे पर्यायाचा नुसता आकडा असतो. त्या आकड्याशेजारी, तोच पर्याय बरोबर का, हे दोन-चार ओळींत लिहा. सगळ्या विषयांचं एकदम जमणार नसेल तर फिजिक्सच्या ४५ प्रश्नांपासून सुरुवात करा. आणि प्रश्नपत्रिका मराठीत देता, तर ही कारणंही मराठीत द्या.

एवढ्याशा गोष्टीसाठी जाहीर पत्र कशाला, असं वाटेल. त्यासाठी आमच्याकडचा मे महिना थोडा सांगावा लागेल.

अलीकडे नीट येते ती मेच्या पहिल्या रविवारच्या सुमारास. आमच्याकडे नेमका तो तेंदूपत्त्याचा हंगाम. घरची माणसं पहाटे अंधारात जंगलात जातात, ऊन चढायच्या आत पानं तोडून आणतात, दुपारभर अंगणात पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून देतात. एका पुड्यात ७० पानं. वर्षाची उधारी फेडायचा, पोरांच्या फिया भरायचा हाच पैसा. परीक्षेला बसणारी मुलंमुलीही आदल्या आठवड्यापर्यंत पुडे बांधायला बसलेली असतात. एका मांडीवर पानं, दुसऱ्या मांडीवर ऑप्टिक्सची सूत्रं. केंद्र गडचिरोलीला मिळालं तर नशीब चांगलं. नागपूरला मिळालं तर आदल्या दिवशीच ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड करत जायचं आणि कुणा नातेवाइकाकडे मुक्काम टाकायचा. दीडला गेट बंद, दोनला पेपर.

पेपर सुटल्यावर मुलांच्या हातात प्रश्नपुस्तिका असते. ती घरी नेऊ देता, याबद्दल मी तुमचे खरंच आभार मानतो, कारण पुढचं सगळं त्या पुस्तिकेवर चालतं. परतीच्या गाडीतच उत्तरं जुळवणं सुरू होतं. पहिली फेरी अगदीच बाजारू: किती अटेंप्ट केले, किती सोडले, निगेटिव्ह किती जातील, गेल्या वर्षीचा कटऑफ किती. तोवर मोबाइलवर कोट्याच्या, लातूरच्या, हैदराबादच्या क्लासेसच्या 'आन्सर की' येऊन पडतात. फिजिक्सच्या दोन-तीन प्रश्नांवर त्यांचंही एकमत नसतं. एका क्लासच्या कीप्रमाणे मूल सरकारी कॉलेजात पोचलेलं असतं, दुसऱ्याच्या कीप्रमाणे परत ड्रॉप घेणार असतं. रात्री कुणी जेवत नाही.

दुसरी फेरी सोमवारी सकाळी, माझ्या ओसरीवर. ही खरी. मुलं पुस्तिका घेऊन येतात, समासात पेनाने केलेल्या आकडेमोडीसकट, आणि ज्या प्रश्नांवर भांडण आहे त्यांच्यावर तुटून पडतात. वर्षभर मी फळ्यापाशी घसा कोरडा करतो, तेव्हा ज्यांच्या तोंडून एक शंका निघत नाही ती मुलं त्या दिवशी माझंही ऐकून घेत नाहीत. ५ मे २०२४ च्या पेपरनंतरची सकाळ अशीच गेली, आणि तुम्हाला तो प्रश्न आठवत असेलच. सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला, अणूवरचा, दोन विधानांचा. पहिलं विधान अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतो, असं. दुसरं म्हणत होतं की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात. कोणतं बरोबर, कोणतं चूक?

गेवर्ध्याच्या मुलीने दुसरं विधान चूक धरलं होतं. तिचं म्हणणं सरळ होतं: युरेनियम, रेडियम हीसुद्धा मूलद्रव्यंच, त्यांचे अणू कुठे स्थिर असतात? पुराड्याच्या मुलाने दोन्ही विधानं बरोबर धरली होती. त्याने पिशवीतून एनसीईआरटीचं पुस्तक काढून पुढ्यात टाकलं. "पुस्तकात तं असाच लिवला हाये ना वो!" आणि खरंच तसं होतं. पुस्तक जुनं. आधीच्या दोन मालकांच्या पेन्सिलीच्या रेघा त्यात होत्या आणि त्या वाक्याखालीही एक रेघ होती. मुलीने मोबाइलवर नवी आवृत्ती उघडून दाखवली. तिथे 'प्रत्येक' जाऊन 'बहुतेक' आलं होतं.

इथे वाद संपला असता तर मी पत्र लिहिलं नसतं. भिंतीला टेकून बसलेला तिसरा एक मुलगा, मालेवाड्याकडचा, एरवी हजेरीलाही हळू आवाजात ओ देणारा, म्हणाला की आधी धडा कोणता ते पाहा. धडा अणूचा आहे, केंद्रकाचा पुढे वेगळा येतो. रुदरफोर्डच्या अणूची अडचण ही की फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा बाहेर टाकत टाकत केंद्रकावर कोसळायला हवा. तो कोसळत नाही, म्हणून अणू स्थिर. त्या अर्थाने युरेनियमचा अणूही स्थिरच की. केंद्रक फुटणं हा निराळा मामला.

महोदय, हे उत्तर तुमच्या कीत बसत नाही, पण फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाला ते ऐकून खुर्चीतून उठावंसं वाटेल. रुदरफोर्डचं १९११ चं प्रारूप आणि बोरचं १९१३ चं, या दोघांमधली मूळ कळ त्याने बरोबर दाबली होती. मुलगी मात्र हटली नाही. "मंग युरेनियमचा थोरियम झाला का तो अणू टिकला म्हणाचा?" युरेनियम-२३८ एक अल्फा कण बाहेर टाकतो आणि थोरियम-२३४ होतो. अणूची ओळखच बदलते, इलेक्ट्रॉन कोसळो न कोसळो. यावर पुराड्याच्या मुलालाही विचार पडला. 'प्रत्येक' हा शब्द विधानात असेल तर एक अपवाद दाखवला तरी विधान पडतं, एवढं तर्कशास्त्र तिघांनाही कळत होतं. प्रश्न एवढाच उरला की 'स्थिर' म्हणजे कशाच्या दृष्टीने स्थिर. मी मध्ये पडलो नाही. चहा झाला, उन्हं ओसरीवर आली, मग कुणीतरी बिस्मथचं काढलं. बिस्मथ-२०९ स्थिर असल्याचं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं आणि २००३ मध्ये फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांना तोही क्षय पावताना सापडला. विश्वाच्या वयाच्या अब्ज पटींहून जास्त त्याचं अर्धायुष्य, पण क्षय तो क्षयच. हे मीच त्यांना कधीतरी सांगितलं होतं, तेव्हा कुणी वहीतून मान वर केली नव्हती.

पुढे काय झालं ते सगळ्या देशाला ठाऊक आहे, तरी क्रमाने मांडतो, कारण माझा मुद्दा त्या क्रमातच आहे. २९ मेच्या तात्पुरत्या उत्तरसूचीत तुम्ही एकच पर्याय बरोबर ठरवला: पहिलं विधान बरोबर, दुसरं चूक. मग आक्षेप आले. तुमच्याच निवेदनात १३,३७३ हा आकडा होता. जुन्या आणि नव्या पुस्तकांत फरक आहे म्हणून तज्ज्ञांनी दोन पर्याय ग्राह्य धरले. ४ जूनच्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२०, आणि त्यांतले ४४ जण या एका प्रश्नाच्या बळावर. मग कोर्ट. २२ जुलैला सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने आयआयटी दिल्लीच्या संचालकांना तीन तज्ज्ञ नेमायला सांगितलं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मत मागवलं, मत आलं: बरोबर पर्याय एकच. जिथून निघालो तिथेच परत. चार लाखांवर मुलांचे प्रत्येकी पाच गुण गेले, उत्तराचे चार आणि निगेटिव्हचा एक. सुधारित निकालात पैकीच्या पैकी गुण उरले फक्त १७ जणांना.

या सबंध प्रवासात तुमच्या कोणत्याही उत्तरसूचीत कारणाची एक ओळ नव्हती. पहिल्या सूचीतच लिहिलं असतं की किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात, म्हणून 'प्रत्येक' हे विधान टिकत नाही, आणि 'स्थिर' हा शब्द इथे अमुक अर्थाने वापरला आहे, तर पुराड्याच्या मुलाचं तिथेच समाधान झालं असतं किंवा मालेवाड्याच्या मुलाला नेमका कशावर आक्षेप घ्यायचा ते कळलं असतं. दोन्ही परिस्थितींत गोष्ट फिजिक्सचीच राहिली असती. कारण नव्हतं म्हणून ती आधी पुस्तकाच्या आवृत्त्यांची झाली आणि नंतर वकिलांची.

निकालाबद्दल माझं मत विचाराल तर, कोर्टाने केलं ते बरोबरच. एका प्रश्नाची दोन परस्परविरोधी उत्तरं खरी असू शकत नाहीत, आणि विद्यार्थ्यांनी नवी आवृत्ती वापरावी ही सूचनाही होतीच. फक्त जुनी आवृत्ती कुणाकडे असते, याचा विचार व्हावा. आमच्याकडे पुस्तक विकत घेतलं जात नाही, ते उतरतं. पुढच्या बॅचकडून मागच्या बॅचकडे, चुलतभावाकडून चुलतबहिणीकडे. त्यातून इथली बहुतेक मुलं राज्य मंडळाची. त्यांची रोजची पुस्तकं बालभारतीची, एनसीईआरटी वरचा खुराक म्हणून. आवृत्ती कोणत्या सालची ते कुणी बघत नाही, पानं शाबूत आहेत ना ते बघतात. पाच गुण गेले ते अशांचे अधिक, एवढं अनुमान करायला मला आकडेवारी लागत नाही.

आता आक्षेपाची रीत. प्रत्येक प्रश्नामागे २०० रुपये, ना-परतावा, ऑनलाइन भरायचे, मुदत दोन-चार दिवसांची. पुड्याला चार रुपये धरले तर २०० रुपये म्हणजे ५० पुडे, साडेतीन हजार पानं. तेही देतील हो आमचे लोक, पोरीसाठी देतील. पण नियमात पुढे असंही आहे की आक्षेप मान्य झाला की नाही हे कुणालाही व्यक्तिशः कळवलं जाणार नाही आणि तज्ज्ञांनी ठरवलेली सूची अंतिम राहील. म्हणजे मुलगी पैसे भरणार, पुरावा जोडणार आणि तिचं म्हणणं नेमकं कुठे चुकलं हे तिला कधीच कळणार नाही. १३,३७३ आक्षेपांचे प्रत्येकी २०० रुपये धरले तर २६ लाख ७४ हजार ६०० रुपये होतात. एवढ्यात ४५ प्रश्नांची कारणं लिहायला बसलेल्या प्राध्यापकांचं मानधन भागून वर चहा-नाश्ताही निघेल.

यावर तुमच्या कचेरीतून एक उत्तर येईल, ते मला आत्ताच ऐकू येतं: कारणं छापली तर त्या कारणांवरही आक्षेप येतील. येतील की! यायलाच हवेत. १९८२ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या सॅट परीक्षेत एक प्रश्न होता. लहान वर्तुळाची त्रिज्या मोठ्याच्या एक तृतीयांश. लहान वर्तुळ मोठ्याच्या कडेने घरंगळत मूळ जागी आलं तर स्वतःभोवती किती फेरे घेईल? परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं उत्तर ३. खरं उत्तर ४, आणि ते पर्यायांत नव्हतंच. लाखो मुलांतून तिघांनी पत्र लिहून चूक दाखवली. संस्थेने चूक कबूल केली आणि सुमारे ३ लाख उत्तरपत्रिकांचे गुण नव्याने काढले. मी हा प्रश्न वर्गात घातला तेव्हा मुलांनी माझं स्पष्टीकरण पुरं होऊ दिलं नाही. रुपयाची दोन नाणी काढली, एक दाबून धरलं, दुसरं त्याच्या कडेने फिरवलं. परीघ सारखा, म्हणजे एक फेरा व्हायला हवा, होतात दोन. पाच-सात वेळा करून पाहिलं तरी दोनच. प्रश्न काढणाऱ्याला 'उत्तर ३ का?' हे चार ओळींत लिहायला लावलं असतं तर लिहिता लिहिता त्यालाच ठेच लागली असती, अशी माझी खात्री आहे. आकडा लिहिताना ती लागत नाही.

बाहेरच्या देशांत हे काही नवलाचं नाही. अमेरिकेतल्या एपी फिजिक्सच्या लेखी प्रश्नांची गुणदान-पद्धत दर वर्षी जाहीर होते, सोबत मुलांच्या उत्तरांचे नमुने आणि त्यांवर परीक्षकांची टिप्पणी. केंब्रिज बोर्डाचे परीक्षक-अहवाल असतात. कोणत्या प्रश्नावर मुलं कुठे घसरली, कोणता गैरसमज दिसला, ते त्यांत सांगितलेलं असतं. मी ते वाचतो आणि मला हेवा वाटतो. मान्य आहे, त्यांची संख्या आणि आपली संख्या यांत फरक आहे. आपल्याकडे २०२४ मध्ये २३ लाखांवर मुलं बसली. पण कारण एकदाच लिहायचं असतं. वाचणारे २३ असोत की २३ लाख.

सध्या ही पोकळी क्लासवाले भरून काढतात. पेपर सुटल्यावर तासाभरात त्यांचे व्हिडिओ सुरू. त्यांतले काही फार चांगले शिकवतात, मी स्वतः बघतो. पण त्यांची 'सोल्यूशन' ही पुढच्या वर्षीच्या प्रवेशाची जाहिरात असते, आणि जिथे उत्तर वादग्रस्त असतं तिथे क्लास मुलांना खूश करणाऱ्या बाजूला झुकतो. परीक्षा घेणाऱ्याने उत्तर द्यायचं आणि त्यामागचं शास्त्र दुकानदाराने सांगायचं, ही वाटणी मला पटत नाही.

मराठीचं वेगळं सांगतो. मराठी पुस्तिका निवडणाऱ्या मुलाला तुम्ही बजावता की भाषांतरात संदिग्धता असेल तर इंग्रजी प्रश्न अंतिम. नियम म्हणून ठीक. कुठेतरी शेवटचा शब्द हवाच. पण मग ती संदिग्धता कुठे होती, निर्णय कोणत्या वाचनावर झाला, हे नंतर तरी त्याला त्याच्या भाषेत सांगायला हवं. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत नाहीतर आश्रमशाळेत मराठीतून आणि अकरावीला एकदम इंग्रजीतून, असा इथल्या मुलांचा प्रवास. त्यांचं फिजिक्स दोन्ही भाषांत अर्धं अर्धं असतं. चार ओळींचं मराठी कारण त्यांना पाठ्यपुस्तकाच्या एका धड्याइतकं उपयोगी पडेल.

आणखी एक धास्ती आहे. नीट संगणकावर घ्यायची चर्चा मधूनमधून होते. आमच्या राज्याची एमएचटी-सीईटी अशीच होते, वेगवेगळ्या सत्रांत, वेगवेगळ्या प्रश्नसंचांवर. शेजारशेजारच्या बाकांवर वर्षभर बसलेल्या दोघी वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळा पेपर देतात. बाहेर आल्यावर हातात पुस्तिका नाही आणि जुळवायला समोरचीचा पेपरही तो नाही. 'सोपा गेला का गं?' 'तुझा?' एवढ्यावर बोलणं संपतं, पुढे पर्सेंटाइल येईल तेव्हा येईल. त्या दिवसांत माझ्या ओसरीवर कुणी फिरकत नाही. संगणकाला माझा विरोध नाही. तुमच्याही सुरक्षिततेच्या अडचणी असतील, २०२४ नंतर डॉ. राधाकृष्णन समिती त्यासाठीच नेमली गेली होती. पण तसं करायचं ठरलंच तर परीक्षा झाल्यावर प्रत्येक सत्राचा पूर्ण पेपर सगळ्यांसाठी खुला करा, आपापल्या लॉगइनमध्ये बंद ठेवू नका.

२०२५ चा फिजिक्सचा पेपर किती कठीण होता ते मी सांगायला नको. देशात पहिल्या आलेल्याचे गुणही ७२० वरून ६८६ वर आले. त्या सोमवारी माझ्याकडे मुलं आली ती आधी रडायलाच. पण पुस्तिका हातात होती, म्हणून तासाभराने का होईना, कागद-पेन निघालं. त्यांना गुण हवे आहेत, नाही असं कोण म्हणेल? गडचिरोलीला २०२४ पासून सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं आहे, १०० जागांचं. डॉक्टर व्हायला आता जिल्हा सोडावा लागेलच असं नाही, हे इथल्या घराघरांत पोचलं आहे. पण गुणांच्या पलीकडे 'माझं कुठे चुकलं?' हा प्रश्नही त्या मुलांना पडतो. तो पडल्याच्या त्या दोन-तीन तासांत ती जेवढी फिजिक्सची असतात तेवढी वर्षभरात कधी नसतात, आणि नेमक्या त्या वेळी तुमच्याकडून येतो तो एक आकडा.

तेव्हा मागणं पुन्हा नीट लिहितो. अंतिम उत्तरसूचीसोबत फिजिक्सच्या प्रत्येक प्रश्नाचं थोडक्यात कारण, इंग्रजी, मराठी आणि परीक्षेच्या बाकी सगळ्या भाषांत. ज्या प्रश्नावर आक्षेप आले त्याचा निर्णय कसा झाला, एका परिच्छेदात. आणि ज्याचा आक्षेप खरा ठरला त्याचे २०० रुपये परत. पहिल्या वर्षी ४५ प्रश्नांच्या चार-चार ओळी धरा, सगळ्या मिळून १८० ओळी होतात. प्रश्न काढणाऱ्याकडे त्या बहुधा लिहिलेल्या असतीलच. नसतील तर तो आणखी गंभीर विषय आहे.

मराठी मसुदा तपासायला माणसं कमी पडली तर कळवा. मे-जूनमध्ये आम्हा गडचिरोली-चंद्रपूरच्या ज्युनिअर कॉलेजवाल्यांना सुट्टीच असते, दहा-बारा जण तरी मी गोळा करीन. मानधन नको. फक्त आमच्या दुरुस्त्यांवर दर प्रश्नामागे २०० रुपये लावू नका.

आपला,
कुरखेड्याचा एक फिजिक्स मास्तर